घरी बनवलेले टर्नटेबल: पुलावर वीज कशी न्यायची आणि पूल रुळासमोर नेमका कसा थांबवायचा

प्रश्न थोडक्यात असा: एचओ मापाच्या मॉडेल रेल्वेच्या लेआउटसाठी ९० फुटी टर्नटेबल, म्हणजे इंजिन वळवणारा गोल खड्ड्यातला फिरता पूल, स्वतः बनवायचे आहे. लेआउट डीसीसीवर चालतो, म्हणजे रुळांतून डिजिटल आज्ञा जातात आणि इंजिनातला डीकोडर त्या पाळतो. प्लायवूडचा पूल कापून तयार आहे आणि १२ व्होल्टची मंद गतीची गिअर मोटर हाताशी आहे. पुलावरच्या रुळांना वीज कशी द्यायची, पूल अर्धा फेरा फिरला की शॉर्ट का होतो, आणि मोटर बंद केल्यावर पूल दर वेळी थोडा वेगळ्या जागी का थांबतो?

आधी मोटर बाजूला ठेवा. टर्नटेबल चांगले होणार की त्रास देणार, हे पुलाच्या मधोमध असलेल्या दांड्यावर ठरते. हा एकच दांडा तीन कामे करतो: इंजिनाचे वजन पेलतो, पुलाची दिशा सांभाळतो आणि बहुतेक रचनांमध्ये वीजही त्याच्यातूनच वर जाते. त्यामुळे वीज कशी न्यायची हा निर्णय शेवटचा नसून पहिला आहे. भरीव दांडा बसवून झाल्यावर तारांना वाट उरत नाही, मग पुलाखाली कुठेतरी पत्र्याच्या पट्ट्या चिकटवाव्या लागतात आणि त्या आयुष्यभर कुरकुरतात.

अचूकता किती हवी, ते आकड्यांत पाहू. एचओ म्हणजे १:८७, त्यात एक फूट ३.५ मिमीचा होतो. ९० फुटी पूल ३१५ मिमी लांब, म्हणजे त्रिज्या १५७.५ मिमी. एवढ्या त्रिज्येवर एक अंश म्हणजे कडेला सुमारे २.७५ मिमी. पुलाचा रूळ आणि बाहेरचा रूळ यांच्यात पाव मिलिमीटरपर्यंत फरक असेल तर चाके निमूट जातात. अर्धा मिलिमीटर झाला की छोट्या चाकांची इंजिने आचका देतात, पुढची बोगी उतरूही शकते. पाव मिलिमीटर म्हणजे इथे ०.०९ अंश. तेव्हा लक्ष्य असे धरा: पूल अंशाच्या दहाव्या भागात थांबला पाहिजे. एन मापात पूल १७१ मिमीचा होतो, कडेचे अंतर कमी होते, पण चाकांना चालणारा फरकही त्याच प्रमाणात कमी होतो. म्हणून कोनाची ही अट माप बदलले तरी जवळपास तीच राहते.

आता दांडा. ८ मिमी बाहेरचा आणि ६ मिमी आतला व्यास असलेली पितळी किंवा स्टीलची सरळ नळी घ्या. तिच्यासाठी ६०८ क्रमांकाची दोन बेअरिंग लागतात (आतून ८ मिमी, बाहेरून २२ मिमी, जाडी ७ मिमी). एक बेअरिंग खड्ड्याच्या तळाच्या पाटात, दुसरे त्याच्या किमान ६० मिमी खाली. हे अंतर फार महत्त्वाचे आहे. बेअरिंगमध्ये ०.०५ मिमी ढिलाई आहे असे धरा. दोघांत ६० मिमी अंतर असेल तर पुलाच्या टोकाला ती ढिलाई ०.१३ मिमी वर-खाली होऊन दिसते. अंतर २० मिमीच ठेवले तर तीच ढिलाई टोकाला जवळपास ०.४ मिमी होते. एकच बेअरिंग पुरेल असे वाटू शकते. तसे करू नका. फिरत्या ताटासाठी मिळणारी मोठी चपटी बेअरिंगही एकटी पुरत नाहीत. ती वजन छान पेलतात, पण पुलाला डोलण्यापासून थांबवत नाहीत.

नळीच्या वरच्या टोकाला चार स्क्रूंची फ्लँज कपलिंग बसवून त्यावर पूल घट्ट करा. कपलिंगचा छोटा स्क्रू जिथे नळीवर टेकतो तिथे कानशीने नळी थोडी सपाट करून घ्या, नाहीतर गोल नळीवर तो स्क्रू कधीतरी सरकतोच. पूल वर-खाली करण्याची सोयही इथेच ठेवा: वरच्या बेअरिंगवर एक कॉलर, आणि कॉलरखाली पातळ पितळी वॉशर घालून रुळांची उंची जुळवायची. बाहेरचे रूळ लावून झाल्यावर उंची बदलण्याचा दुसरा सोपा मार्ग राहत नाही.

पुलाच्या टोकांखालची चाके खड्ड्यातल्या गोल रुळावर फिरताना सुंदर दिसतात, पण मॉडेलमध्ये त्यांच्यावर वजन टाकू नका. खऱ्या टर्नटेबलांतही दोन पद्धती होत्या. जुन्या पद्धतीत इंजिन पुलावर मधोमध तोलून उभे करावे लागे आणि सगळा भार मधल्या खुंट्यावर येई. नंतरच्या पद्धतीत मध्य आणि दोन्ही टोके मिळून भार घेत. मॉडेलसाठी जुनी पद्धत चांगली: भार मधल्या दांड्यावर, आणि टोकाची चाके गोल रुळाच्या सुमारे ०.२ मिमी वर. इंजिन पुलावर चढताना टोक थोडे दबते, चाक रुळाला टेकते आणि तिथेच थांबते. चाके कायम टेकलेली ठेवली, तर गोल रुळाचा प्रत्येक सांधा आणि प्रत्येक उंचवटा पुलाला ढकलतो, आणि मोटरने कितीही नेमके थांबवले तरी पूल हलतो.

खड्डा कापायला राउटर आणि त्याला लावलेली परकाराची पट्टी हेच खरे साधन. आधी मध्यावर ८ मिमीचे भोक पाडा आणि त्याच भोकाला टेकू मानून खड्ड्याचे वर्तुळ, गोल रुळाची खाच आणि गरज असेल तर विजेच्या कड्यांची खाच अशी सगळी वर्तुळे कापा. वर्तुळ आधी कापून नंतर मोजून मध्य काढला, तर तो अर्धा मिलिमीटर तरी चुकतो. दुसरी गोष्ट, बेअरिंग, खड्डा आणि मोटर हे तिन्ही एकाच पाटावर असू द्या, आणि तो पाट लेआउटच्या लाकडापासून वेगळा काढता येईल असा बनवा. लाकूड दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आकसते. एकाच पाटावर सगळे असेल तर सगळे मिळून सरकते आणि आपापसातली जुळणी टिकते. प्लायवूड किंवा एमडीएफला सर्व बाजूंनी, विशेषतः कापलेल्या कडांना, वॉर्निशचे दोन हात द्या.

पुलाची टोके सरळ कापली असतील तर ती गोल करावी लागतील. ४० मिमी रुंद पुलाचे टोक सरळ ठेवले तर त्याचे कोपरे मध्यापेक्षा सुमारे १.३ मिमी जास्त बाहेर येतात, म्हणजे कोपरे भिंतीला लागू नयेत म्हणून मध्ये तेवढी फट सोडावी लागते. टोके जागेवरच घासणे सर्वांत चांगले. पूल थोडा लांब ठेवा, दांड्यावर बसवा, खड्ड्याच्या भिंतीला एका ठिकाणी सँडपेपर चिकटवा आणि पूल हाताने पुढे-मागे फिरवत राहा. भिंतीचाच गोलावा टोकाला येतो. सँडपेपर काढला की त्याच्या जाडीएवढी फट आपोआप मिळते. शेवटी भिंत आणि पूल यांत ०.५ ते ०.८ मिमी जागा असावी.

इथून विजेकडे.

शॉर्ट का होतो ते आधी. पुलाच्या एका रुळाला लाल तार आहे, दुसऱ्याला काळी. बाहेरच्या रुळांचेही तसेच. पूल एका बाजूने जोडला तेव्हा लालसमोर लाल आला. अर्धा फेरा फिरवल्यावर तोच लाल रूळ बाहेरच्या काळ्या रुळासमोर येतो. फट ओलांडताना इंजिनाचे धातूचे चाक एकाच वेळी दोन्हींवर टेकते आणि लाल-काळे जोडले जातात. वर्तुळाकार फिरून परत त्याच मार्गावर येणाऱ्या लूपमध्ये जो घोळ होतो, तोच हा आहे. त्यामुळे कुठल्यातरी जागी पुलाच्या तारांची अदलाबदल झालीच पाहिजे. ती तीन प्रकारे करता येते, आणि तिन्ही मी वापरण्याजोग्या मानतो, पण प्रत्येकाची जागा वेगळी आहे.

पहिला प्रकार दोन तुकड्यांच्या कड्याचा. पुलाखाली तांब्याचे एकच कडे असते, मधून कापून दोन अर्धवर्तुळे केलेले. एका अर्ध्याला लाल, दुसऱ्याला काळी तार. पुलाखाली समोरासमोर दोन ब्रश, प्रत्येक रुळाला एक. पूल फिरता फिरता ब्रश एका अर्ध्यावरून दुसऱ्यावर जातात आणि अदलाबदल आपोआप होते. यात इलेक्ट्रॉनिक भाग काहीच नाही, म्हणून साध्या डीसी लेआउटसाठी माझी पहिली निवड हीच. दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्या लागतात. दोन तुकड्यांमधली फट ब्रशच्या टेकण्याच्या रुंदीपेक्षा मोठी हवी, नाहीतर ब्रशच शॉर्ट करतो. आणि पूल थांबलेला असताना ब्रश त्या फटीवर येईल अशा दिशेला एकही रूळ नको. बाहेरच्या तारा लावताना मध्यावर उभे राहून बाहेर पाहत आहात अशी कल्पना करा: फटीच्या एका बाजूच्या सर्व मार्गांचा उजवा रूळ लाल, दुसऱ्या बाजूच्या सर्व मार्गांचा उजवा रूळ काळा. एवढे पाळले की कोणत्याही मार्गावर पूल बरोबरच जुळतो. डीसीसीवर ही रचना चालते, फक्त फटीवरून जाताना इंजिनाची वीज क्षणभर तुटते. आवाजाचा डीकोडर असेल आणि त्याला वीज साठवणारा कपॅसिटर नसेल तर तो मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतो. ते ऐकायला वाईट लागते.

दुसरा प्रकार म्हणजे दोन अखंड कडी आणि ऑटो रिव्हर्सर. कडी फक्त वीज वर नेतात, अदलाबदल मॉड्यूल करते. चाकाने शॉर्ट केला की ते मॉड्यूल क्षणार्धात ओळखते आणि पुलाचे लाल-काळे उलटवते. डीसीसीत इंजिनाची दिशा रुळाच्या लाल-काळ्यावर ठरत नाही, डीकोडरला मिळालेल्या आज्ञेवर ठरते, म्हणून इंजिनाला याचा पत्ताही लागत नाही. अट एवढीच की मॉड्यूल मुख्य बूस्टरच्या, म्हणजे रुळांना डीसीसीची वीज पुरवणाऱ्या यंत्राच्या, आधी जागे झाले पाहिजे. बूस्टर आधी बंद पडत असेल तर मॉड्यूलची प्रवाहाची मर्यादा कमी करा. आणखी एक नियम लक्षात ठेवा: पुलाची दोन्ही टोके एकाच वेळी चाकांनी ओलांडली जाता कामा नयेत. दोन्ही टोकांसमोरच्या मार्गांना परस्परविरुद्ध जोडणी हवी असेल तर मॉड्यूल एका टोकाचा शॉर्ट सोडवते आणि दुसऱ्या टोकाला तो उभा राहतो. एकटे इंजिन फिरवताना हा प्रसंग येत नाही, कारण ते पुलापेक्षा लहानच असते. पण धातूच्या चाकांचे डबे मागे जोडून पूल आरपार ओलांडायला गेलात तर येतो.

तिसरा प्रकार तुमच्यासाठी सर्वांत योग्य वाटतो. पूल कोणत्या कोनात आहे हे मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरला माहीत असेल, म्हणजे ठरावीक पावलांनी फिरणारी स्टेपर मोटर असेल, तर अदलाबदल एका साध्या दोन ध्रुवी रिलेने होते. प्रत्येक मार्गाच्या नोंदीत जागा लिहितोच, त्याच नोंदीत रिले सुलटा की उलटा हेही लिहायचे. पूल थांबतो, रिले आपली बाजू घेतो, आणि इंजिन निघण्यापूर्वीच रूळ जुळलेले असतात. शॉर्टची वाट पाहावी लागत नाही.

वीज वर नेण्याचा सर्वांत सोपा मार्ग बरेच जण विसरतात: पोकळ दांड्यातून जाणाऱ्या दोन लवचीक तारा, बस. पुलाला अनंत फेरे मारायची खरोखर गरज नसते. कंट्रोलरने एका दिशेला साधारण एका फेऱ्याची मर्यादा पाळली आणि पुढचे ठिकाण मर्यादेपलीकडे असेल तर उलट दिशेने नेले, तर तारा एक पीळ घेतात आणि सोडतात. खाली सैलसर वळण ठेवा, सिलिकॉनच्या आवरणाची बारीक पदरी तार वापरा. ना ब्रश, ना कडी, ना घासण्याची भीती. हाताने फिरवायचे टर्नटेबल असेल तर मात्र ही मर्यादा कोणी पाळत नाही, तिथे कडीच हवीत.

कडी हवीच असतील तर तयार कॅप्सूल स्लिप रिंग घ्या, म्हणजे कडी आणि ब्रश आतच असलेली छोटी डबी. तिचा फिरता भाग नळीच्या खालच्या टोकाला, तारा नळीतून वर, आणि न फिरणारा भाग पाटाला एका सैल कोनाने धरलेला. घट्ट कसलात तर दोन्हींची आस जुळत नाही आणि तिची छोटी बेअरिंग झिजतात. तिच्या तारांची प्रवाहाची मर्यादा वाचून घ्या आणि प्रत्येक रुळासाठी दोन-दोन तारा एकत्र जोडा. घरीच कडी बनवायची असतील तर तांब्याचा थर असलेल्या पीसीबीच्या चकतीवर समकेंद्री खाचा पाडून कडी वेगळी करा आणि त्यावर ०.४ मिमीच्या आसपासची फॉस्फर ब्रॉंझची तार टेकवा. पितळेची तार वापरू नका, ती काही काळाने आपला ताण सोडते. प्रत्येक कड्यावर दोन ब्रश, वेगवेगळ्या जागी. एक धुळीच्या कणावर चढला तरी दुसरा टेकलेला राहतो. हेडफोनचा जॅक वापरण्याची कल्पनाही जुनी आहे. विजेसाठी तो चालतो, पण त्यालाच पुलाचा दांडा बनवू नका. जॅकमधली ढिलाई पुलाच्या टोकाला मिलिमीटरमध्ये दिसते.

मोटरला लागणारी वीज मात्र कधीही रुळांतून किंवा कड्यांतून घेऊ नका. तिला वेगळा १२ व्होल्टचा पुरवठा द्या, डीसीसीच्या तारांपासून दूर ठेवा.

आता थांबण्याचा प्रश्न. तुमची गिअर मोटर वीज बंद केल्यावर थोडी घरंगळते, आणि किती घरंगळेल हे इंजिनाच्या वजनावर आणि घर्षणावर ठरते. म्हणून दर वेळी जागा वेगळी. दोन्ही टर्मिनल बंद करण्याच्या क्षणी एकमेकांना जोडली तर मोटर स्वतःलाच ब्रेक लावते आणि फरक बराच कमी होतो. पण दहाव्या अंशापर्यंत पोचायला तेवढे पुरत नाही.

हीच मोटर वापरायची असेल तर खाचांची चकती करा. दांड्याला खाली मोठी चकती, तिच्या कडेला प्रत्येक मार्गासाठी व्ही आकाराची खाच, आणि स्प्रिंगने दाबलेली छोटी चकरी किंवा बेअरिंग त्या खाचेत बसते. शेवटचा अर्धा अंश स्प्रिंग जुळवते. इथे एक गोष्ट समजून घेतलीच पाहिजे: खाच आणि वर्म गिअर (स्क्रूसारखा वर्म आणि त्याने फिरणारे दातेरी चाक) एकमेकांशी भांडतात. चाकाच्या बाजूने ढकलून वर्म फिरत नाही, म्हणून स्प्रिंगने कितीही ओढले तरी पूल खाचेच्या मध्यावर जात नाही. तुमच्या मोटरच्या आत वर्म असेल तर मोटर आणि दांडा यांच्यामध्ये मुद्दाम थोडा सैल जोड ठेवावा लागतो, एक-दोन अंशांचा, किंवा रबरी पट्टा. मग मोटर पुलाला जवळ आणून सोडते आणि खाच त्याला जागेवर बसवते. ही रचना जुनी, साधी आणि फार भरवशाची आहे. तिचा तोटा एवढाच की खाचा कापून झाल्यावर मार्गाची जागा बदलता येत नाही.

माझा सल्ला मात्र स्टेपर मोटर आणि वर्म गिअरचा आहे. नेमा १७ मापाची साधी स्टेपर एका फेऱ्यात २०० पावले टाकते, एक पाऊल १.८ अंशांचे. थेट दांड्याला जोडली तर एक पाऊल पुलाच्या टोकाला जवळपास ५ मिमी. अनेक जण इथे मायक्रोस्टेपिंगचा, म्हणजे एका पावलाचे आणखी बारीक भाग करण्याचा, आधार घेतात. पाच पट पट्ट्याची पुली आणि १६ मायक्रोस्टेप धरले तर हिशोबात टोकाला ०.०६ मिमी येतात आणि कागदावर सगळे सुंदर दिसते. प्रत्यक्षात दोन अडचणी आहेत. मायक्रोस्टेपवर मोटरचा जोर फार कमी असतो, घर्षण थोडे जास्त झाले की ती सांगितलेल्या जागेच्या अलीकडे राहते. आणि वीज काढली की रोटर जवळच्या पूर्ण पावलाकडे सरकतो. पाच पट पुलीवर पूर्ण पाऊल म्हणजे टोकाला १ मिमी, म्हणजे हा सरकाव उघड दिसतो. म्हणून मोटरला सतत वीज देऊन ठेवावी लागते, ती तापते, गुणगुणते.

६० पट वर्म गिअर लावला तर पुलाच्या एका फेऱ्याला १२,००० पूर्ण पावले होतात. एक पूर्ण पाऊल ०.०३ अंश, टोकाला ०.०८ मिमी. आपल्याला हवी त्यापेक्षा तिप्पट बारीक, आणि तीही मायक्रोस्टेपची मदत न घेता. वर्म स्वतःच पुलाला अडवून धरतो, त्यामुळे पोचल्यावर मोटरची वीज पूर्ण बंद करता येते. पूल मिनिटाला एक फेरा फिरवायचा तर मोटर मिनिटाला ६० फेरे, हे तिला सहज जमते. मला दोन मिनिटांना एक फेरा जास्त खरा वाटतो. चालताना आठ मायक्रोस्टेप वापरा, म्हणजे थरथर आणि आवाज कमी होतो. थांबताना मात्र जागा नेहमी पूर्ण पावलावर येईल अशीच नोंदवा. आणि सुरुवात-शेवट हळू: वेग एकदम शून्यावरून चढवला की पुलावरचे इंजिन डुलते आणि पावले चुकण्याची शक्यता वाढते.

वर्मची एकच खोड, दातांमधली ढिलाई. तिच्यावर दोन उपाय एकत्र करा. मोटरची पट्टी एका टोकाला बिजागरीवर आणि दुसऱ्या टोकाला हलक्या स्प्रिंगने ओढलेली ठेवा, म्हणजे वर्म कायम चाकाला टेकलेला राहतो. आणि प्रत्येक मार्गावर एकाच दिशेने या. घड्याळाच्या उलट दिशेने येत असाल तर पूल मार्गाच्या दोन अंश पुढे नेऊन परत घड्याळाच्या दिशेने आणा. दांड्यावर एक नमद्याची वॉशर दाबून ठेवली तर थोडे घर्षण मिळते आणि पूल थांबल्यावर ढिलाईत हलत नाही.

२८बीवायजे-४८ ही छोटी ५ व्होल्टची स्टेपर अनेकांच्या हाताशी असते, म्हणून तिच्याबद्दल. एन मापाच्या हलक्या पुलाला ती चालू शकते, एचओसाठी मी ती सुचवणार नाही. तिच्या गिअरमध्ये बरीच ढिलाई असते. शिवाय तिचा गिअर बरोबर ६४ पट आहे असे सगळीकडे लिहिलेले असते, पण बहुतेक मोटरांत तो ६३.६८ च्या आसपास असतो. त्यामुळे अर्ध्या पावलांनी फेरा ४०९६ ऐवजी सुमारे ४०७६ पावलांचा होतो. ४०९६ धरून चाललात तर प्रत्येक फेऱ्याला जवळपास १.८ अंशांची चूक साचते, आणि माणूस दोष बेअरिंगमध्ये शोधत बसतो.

स्टेपरला आपण कुठे आहोत हे स्वतःला माहीत नसते, म्हणून सुरुवातीची जागा दाखवणारा सेन्सर हवा. हॉल सेन्सर आणि चुंबक चालतो, पण मी फटीचा ऑप्टिकल सेन्सर पसंत करतो, त्याची कड जास्त धारदार असते आणि टेबलाखाली प्रकाशाचा त्रास नसतो. सेन्सरची पट्टी दांड्याजवळ न लावता शक्य तितकी दूर लावा. मध्यापासून ८० मिमीवर ती ०.०५ मिमीच्या फरकाने सापडत असेल तर पुलाच्या टोकाला तो फरक ०.१ मिमी होतो. १५ मिमीवर लावली तर तोच अर्ध्या मिलिमीटरवर जातो. ही जागा शोधतानाही हळू आणि नेहमी त्याच दिशेने या.

बाहेरचे रूळ सर्वांत शेवटी लावायचे. मध्यावर दोरा किंवा स्टीलची पट्टी धरून प्रत्येक मार्गाची रेषा काढा. शेवटचा भाग, किमान एका इंजिनाच्या लांबीएवढा, सरळ आणि बरोबर मध्याकडे रोखलेला हवा. वळणावरून थेट पुलावर चढणारा रूळ कधीच नीट जुळत नाही. मार्ग किती जवळ आणता येतील तेही कोनावरून ठरते: तुमच्या पुलाला ७.५ अंश म्हणजे खड्ड्याच्या कडेला २०.६ मिमी. एवढ्यात शेजारचे रूळ जेमतेम वेगळे राहतात आणि स्लीपर कापावे लागतात. सुमारे ११ अंशांच्या पुढे ३० मिमीचे स्लीपर अखंड बसतात. कडेला प्लॅस्टिकच्या स्लीपरवर भरवसा ठेवू नका. तिथे पीसीबीचे तांब्याचे स्लीपर लावून रूळ त्यांवर सोल्डर करा, आणि दोन रुळांमध्ये तांब्याचा थर कानशीने तोडायला विसरू नका. रूळ थोडा लांब ठेवून जागेवर पक्का झाल्यावर बारीक चकतीने खड्ड्याच्या भिंतीशी कापा, मग टोकाच्या आतल्या कडेला कानशीचा हलका हात फिरवा. हे सगळे पूल त्या मार्गासमोर थांबवून करायचे आणि त्याच क्षणी ती जागा कंट्रोलरमध्ये नोंदवायची. अशाने रूळ पुलाला जुळवला जातो.

डीसी लेआउटवर शेडच्या प्रत्येक मार्गाला स्वतःचा स्विच द्या, नाहीतर पुलावरचे एक इंजिन हलवताना शेडमधली सगळी हलतील. डीसीसीवर हा प्रश्न नाही. तरीही न वापरलेल्या इंजिनांचे आवाज बंद ठेवायचे असतील तर स्विच असलेले बरे.

खड्ड्याला रंग देण्याआधी विजेच्या दोन चाचण्या करा. पहिली, पुलाच्या रुळांना रोधकासह एक एलईडी जोडा, दिवे मंद करा आणि पूल पूर्ण फिरवा. एलईडी क्षणाचाही खंड लपवत नाही, बारीक दिव्याची तार तापलेली राहून तो लपवते. ऑटो रिव्हर्सर आणि लवचीक तारांच्या रचनेत एकही लुकलुक दिसता कामा नये. दोन तुकड्यांच्या कड्यात फक्त फटीवर दिसावी. दुसरी, पूल प्रत्येक मार्गावर थांबवून त्याच्या दोन्ही रुळांवर एक नाणे आडवे ठेवा. बूस्टरने लगेच पुरवठा तोडला पाहिजे. तोडला नाही तर ब्रश किंवा तारा कुठेतरी जास्त रोध देत आहेत, आणि खरा शॉर्ट झाला तेव्हा ती जागा तापेल. तिथली तार जाड करा किंवा ब्रश वाढवा, मगच पुढे जा. यानंतर सर्वांत जड आणि सर्वांत लहान चाकांचे अशी दोन इंजिने प्रत्येक मार्गावरून दोन्ही दिशांनी अगदी मंद वेगाने न्या. जिथे आचका बसेल तिथे आधी उंची तपासा, मग कोन. बहुतेक वेळा उंचीच चुकलेली असते, आणि ती कॉलरखालच्या एका पातळ वॉशरने सुटते.